तीन सुपरमॅन आणि एकच मोकळा रविवार

भाचा अकरावीला आहे. क्लास आणि टेस्ट सिरीजच्या धबडग्यात त्याला एक रविवार मोकळा मिळाला आणि त्याने विचारलं, "मामा, कोणाचा सुपरमॅन बघू?" यादीत तिघे होते: ख्रिस्तोफर रीव्ह (१९७८), हेन्री कॅव्हिल (२०१३) आणि डेव्हिड कोरेनस्वेट (२०२५). मी उलट विचारलं, "सिनेमा कोणाचा चांगला ते हवंय, की काम कोणाचं चांगलं ते?" त्याच्या मते दोन्ही एकच. शिरवाडकरांच्या नाशकात वाढलेल्या पोराने असं म्हणावं! 'नटसम्राट'मधला लागूंचा बेलवलकर भारी की दत्ता भटांचा, यावर आमच्या आधीच्या पिढीने चहाच्या किटल्या संपवल्या. नाटक तेच, स्वगतं तीच, भांडण फक्त नटावरून.

सुपरहिरोच्या बाबतीत गोची अशी की अर्धं काम पोशाखच करून टाकतो. धुळवडीला आपल्याकडे वीर निघतात, पोरांना देवांचे वेश चढवून गोदाघाटावर नेतात, ते आठवा. मुकुट सगळ्यांनाच शोभतो. पण एखादंच पोर असं चालतं की रस्त्यातली माणसं आपसूक बाजूला होतात. बाकीच्यांचा जीव आइस्क्रीमच्या गाडीत. प. सा. नाट्यगृहात राज्य नाट्य स्पर्धा बघणारी जुनी मंडळी यालाच 'बेअरिंग' म्हणतात. सुपरमॅनच्या नटाला ती दोन लागतात, एक आकाशातल्याचं आणि एक ऑफिसात धडपडणाऱ्या क्लार्क केंटचं, म्हणजे ओळख लपवायला सुपरमॅनने घेतलेल्या चष्म्यातल्या साध्या रूपाचं. म्हणून माझी कसोटी उडण्याची नाही. उडवायला तारा असतात, संगणक असतो. क्लार्क कसा उभा राहतो ते मी बघतो.

रीव्ह इथे पुढे निघून जातो. भूमिका मिळाली तेव्हा तो २४ वर्षांचा होता, फारसा कोणाला माहीत नसलेला, आणि पोस्टरवर मार्लन ब्रँडो आणि जीन हॅकमन यांची नावं त्याच्या वर होती. सिनेमाचा पाऊण तास उलटतो तरी मोठा झालेला क्लार्क पडद्यावर येत नाही. पण लोइसच्या, म्हणजे क्लार्कच्या ऑफिसातल्या पत्रकार मैत्रिणीच्या, फ्लॅटमधला तो एक प्रसंग बघा. ती आतल्या खोलीत गेलीय, हा बाहेर पोक काढून उभा. खरं सांगून टाकावं असं त्याच्या मनात येतं. तो चष्मा काढतो, पाठ सरळ होते, खांदे रुंदावतात, मान वर येते, आवाज खाली उतरतो. तोच सूट, तोच चेहरा, पण समोर दुसराच माणूस उभा, आणि बघता बघता उंचही झालेला! मग धीर सुटतो, चष्मा परत नाकावर, आणि सगळं अंग पुन्हा आत मिटतं. कुठलीही करामत नाही, फक्त पाठीचा कणा. चष्म्याने लोक कसे फसतात, हा आपला सगळ्यांचा लहानपणापासूनचा प्रश्न तिथे सुटतो. लोक चष्म्याला फसत नाहीत, पोक काढण्याला फसतात. क्लार्कसाठी त्याने कॅरी ग्रँटच्या विनोदी भूमिकेतला वेंधळेपणा डोळ्यांसमोर ठेवला होता. शरीर कमावलं ते डेव्हिड प्राउजच्या हाताखाली, म्हणजे 'स्टार वॉर्स'मधल्या खलनायक डार्थ व्हेडरच्या पोशाखात वावरलेला तोच तो. एक विनंती, हे हिंदी डबिंगमध्ये बघू नका. आवाजातला बदल गेला की निम्मं काम गेलं.

कॅव्हिलवर मात्र अन्याय होतो. दिसायला तिघांत तोच सुपरमॅन, यात वादच नाही. पण दिसणं ही आईवडिलांची कमाई, तिचे गुण नटाला कसे द्यायचे? २०१३च्या सिनेमात चष्म्यातला क्लार्क अगदी शेवटी येतो, म्हणजे माझ्या कसोटीचा पेपर त्याच्या हातात पडतच नाही. मिळतं ते काय, तर अबोल, कपाळाला आठी घातलेला परका माणूस. ते तो नीट करतो. पहिल्यांदा उडतानाचं हसू खरं आहे, आणि खलनायक झॉडची मान मोडल्यावर गुडघ्यांवर कोसळून तो जे ओरडतो, ते अंगावर येतं. एकच क्षण, पण अस्सल. (२०१७च्या सिनेमावरून त्याला जोखू नका. दुसऱ्या सिनेमासाठी वाढवलेल्या मिशा संगणकाने पुसल्यामुळे तिथे वरचा ओठच त्याचा नाही.)

कोरेनस्वेट रीव्हसारखाच न्यूयॉर्कच्या ज्युलियर्ड या कलाशिक्षणाच्या संस्थेत शिकलेला. आधी मला वाटलं होतं, हा नक्कल करणार. केली नाही. त्याचा सुपरमॅन चिडतो, चुकतो, मार खातो, कुत्र्यापुढे हात टेकतो. त्याचं खरं काम लोइस त्याची मुलाखत घेते त्या लांबलचक प्रसंगात आहे. सुरुवातीला लाडात असलेला माणूस एकेका प्रश्नाला कसा खट्टू होतो, आवाज चढतो, आपण चढवला हे कळून अजूनच वैतागतो. घरातलं भांडण असंच तर होतं. मात्र इथे लोइसला सगळं आधीच माहीत असल्याने दोन माणसांचा खेळ फारसा रंगत नाही. आपल्या सेन्सॉरने थिएटरच्या प्रतीतून ३३ सेकंदांचं चुंबन कापलं होतं. अभिनयाचं त्यात काही बुडालं नाही, पण सुपरमॅनपासून नेमकं कोणाला वाचवायचं होतं कोणास ठाऊक.

तर निवड. घरात सात-आठ वर्षांचं पोर सोबत बसणार असेल तर कोरेनस्वेट. कुत्रा सांभाळून घेईल. मित्रांबरोबर, मोठा पडदा आणि दणदणीत आवाज असेल तर कॅव्हिल, पण शेवटचा तासभर इमारती कोसळत राहतात, डोकं दुखेल. आणि भाच्यासारखं कॉलेजच्या एकांकिकेत घुसायचं मनात असेल तर रीव्ह, दुसरा विचार नको. सुरुवातीचा क्रिप्टनचा, म्हणजे सुपरमॅनच्या मूळ ग्रहावरचा, भाग संथ आहे, तेवढा सोसायचा.

भाच्याने अर्थातच कोरेनस्वेट लावला. मध्यंतराला त्याचा फोन आला, "मामा, भारी आहे!" मी म्हटलं, असणारच. रात्री पुन्हा मेसेज: फ्लॅटवाला तो प्रसंग नेमका कितव्या मिनिटाला येतो?