रिगचा डेटा ऑफिसात आणायचाय: लास फाईल घ्यावी की विट्समएल?

तेल-वायूच्या विहिरीचा डेटा आपल्या सॉफ्टवेअरमध्ये आणायचा असेल तर आधी एवढंच बघा, विहीर खोदून झालीय की ड्रिलिंग चालू आहे, अर्धा निर्णय तिथेच होतो.

खोदून झाली असेल तर सरळ लास, म्हणजे लॉगची (विहिरीत खोलीनुसार घेतलेल्या मोजमापांची) फाईल. कॅनेडियन वेल लॉगिंग सोसायटीने १९८९ साली काढलेला फॉरमॅट, साधी टेक्स्ट फाईल, नोटपॅडमध्येही उघडते, वर हेडर आणि खाली आकड्यांचे रकाने, पेट्रोफिजिक्सचं (खडकांचे गुणधर्म अभ्यासण्याचं) बहुतेक सगळं सॉफ्टवेअर ती वाचतं. जुन्या विहिरींचा ढीग भरायचा तर पायथॉनची छोटी स्क्रिप्ट पुरते. फक्त हेडर न वाचता आकडे उचलू नका. जिथे रीडिंग नाही तिथे बऱ्याच फायलींत -९९९.२५ असतं, ते तसंच एक्सेलमध्ये गेलं की गॅमा रेची (खडकाच्या नैसर्गिक किरणोत्साराच्या रीडिंगची) सरासरी भलतीच येते, आणि खोली मीटरमध्ये आहे की फुटात हेही हेडरमध्येच कळतं.

ड्रिलिंग चालू असेल तर मात्र लास कमी पडते. मुंबई हाय किनाऱ्यापासून साधारण १६० किलोमीटर आत समुद्रात, तिथून कोणी मधूनमधून फाईल मेल करत राहिलं तर ऑफिसातला इंजिनिअर काही तासांपूर्वीचं प्रेशर बघत बसणार. इथे विट्समएलच हवं. २००० च्या सुमारास स्टॅटऑइल आणि बीपीच्या पुढाकाराने सुरू झालेलं हे एक्सएमएलवरचं (टॅग लावलेल्या टेक्स्टवरचं), रिगवरचा डेटा पाठवण्याचं स्टँडर्ड. मड लॉगिंग (वर येणाऱ्या चिखलाची आणि खडकाच्या तुकड्यांची तपासणी) एका कंपनीचं, एमडब्ल्यूडी (ड्रिलिंग चालू असतानाच विहिरीच्या आतून घेतलेली मोजमापं) दुसऱ्या कंपनीचं असलं तरी दोघांचा डेटा विहीर, वेलबोअर (खोदलेलं भोक), लॉग अशा एकाच साच्यात येतो. खर्च वाढतो, सर्व्हर लागतो आणि तो सांभाळणारा माणूसही लागतो.

व्हर्जनवरून घासाघीस जरूर करा. विट्समएल १.४.१.१ मध्ये नवीन काही आलं का हे आपल्या सॉफ्टवेअरला सर्व्हरकडे परत परत विचारावं लागतं, नवीन ईटीपीमध्ये (डेटा पाठवण्याच्या प्रोटोकॉलमध्ये) सर्व्हर स्वतःच डेटा पाठवत राहतो. मला ईटीपीच बरं वाटतं, पण रिगवरची सर्व्हिस कंपनी ते देते का हे आधी विचारा, नाहीतर उगाच पैसे जातील.

एक काम दोन्हीपैकी कुठलंच करत नाही. तीच विहीर एका सिस्टीममध्ये ए-१, दुसरीत ए०१, खोली एकीकडे केली बुशिंगपासून (रिगच्या मजल्यावरच्या एका भागापासून) मोजलेली, दुसरीकडे समुद्रसपाटीपासून, असं असेल तर लॉग एकमेकांवर बसतच नाहीत. म्हणून खरेदीआधी विहिरींची एकच यादी करा, ती एका माणसाच्या ताब्यात द्या आणि व्हेंडरला डेमोत तुमच्याच दोन विहिरी जोडून दाखवायला सांगा.