चपडा पॉलिश: गोव्याच्या हवेत जुन्या लाकडावर कुठे टिकतं, कुठे नाही

जुनं शिसवी कपाट, सागवानी पलंग, फणसाचा चौरंग किंवा बल्कावात (घरापुढच्या बसायच्या ओट्यावर) ठेवायची लांब हातांची आरामखुर्ची नव्यानं पॉलिश करायची म्हटली की गोव्यात आज तीन नावं पुढे येतात: लाखेचा चपडा, आणि मेलामाइन व पीयू (पॉलियुरेथेन) ही दोन कृत्रिम पॉलिशं. जुनं फर्निचर दुरुस्त करून विकणं हा आम्हा नवराबायकोचा व्यवसाय आहे. एकाच्या हाती सांधे आणि वेत, दुसरीच्या हाती पॉलिश. आमचं मत आधीच सांगून टाकतो. वस्तू खरोखर जुनी असेल तर पहिली पसंती चपड्यालाच. मात्र जेवणाच्या टेबलावर तो नको आणि चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) तोंडावर घाईघाईनं तर अजिबात नको.

चपडा म्हणजे लाखेच्या किड्यानं पळस, बोर, कुसुम अशा झाडांच्या फांद्यांवर सोडलेली राळ, स्वच्छ करून, वितळवून, पातळ पापुद्रे करून विकलेली. माल मुख्यतः झारखंड-छत्तीसगडकडून येतो. कुसुमावरची लाख फिकट आणि उजळ, पळस-बोरावरची जरा गडद. ही राळ स्पिरिटमध्ये, म्हणजे पॉलिशसाठी मिळणाऱ्या अल्कोहोलमध्ये, विरघळते आणि स्पिरिट उडून गेलं की लाकडावर पातळ, कडक पापुद्रा उरतो. पुन्हा स्पिरिट लावलं की तो पापुद्रा परत विरघळतो. जुन्या फर्निचरच्या दृष्टीनं चपड्याचा सगळ्यात मोठा गुण हाच, आणि सगळ्यात मोठा दोषही हाच.

गुण असा की पॉलिश कधीही उतरवता येतं, लाकडाला इजा न करता. पन्नास वर्षांनी दुसऱ्या कुणाला एखादा पाय बदलावा लागला, तर तेवढ्याच भागावर हात (पॉलिशचा थर) मारून रंग जुळवता येतो, कारण नवा हात जुन्या हातात मुरून एकजीव होतो. पीयूचं तसं नाही. ओरखडा पडला की तिथं दुरुस्तीचा जोड दिसतोच, आणि सगळं काढायचं तर घासून काढावं लागतं. घासताना लाकडाचा वरचा थर जातो. शिसवीवर वर्षानुवर्षांत चढलेली खोली याच थरात असते. कोरीवकामाच्या कडाही बोथट होतात. मेलामाइन चढवून चकचकीत केलेली कोरीव पाठ आणि चपड्यावर ठेवलेली पाठ शेजारी ठेवून बघा, पाकळ्यांच्या आतल्या सावल्या कुठे मेल्या आहेत ते लगेच कळतं.

शिसवीबाबत आणखी एक कारण आहे. या लाकडात तेलकट अंश असतो. तेलावर आधारलेलं वार्निश आणि काही पीयू त्यामुळे नीट वाळतच नाहीत, महिनाभर चिकट राहतात. चपडा मात्र त्यावर व्यवस्थित बसतो. म्हणून ज्याला वरून पीयूच हवं आहे, त्यानंही शिसवीवर आधी चपड्याचा एक पातळ हात द्यावा. पण तो मेणविरहित चपड्याचाच. साध्या चपड्यात तीन ते पाच टक्के मेण असतं आणि मेणावर पीयू धरत नाही, पापुद्रे सुटतात.

आता खरेदी. बटण लाख गडद तपकिरी असते, शिसवीला ती शोभते. नारिंगी चपडा फणसाच्या लाकडावर फार सुंदर दिसतो, सागवानाला लालसर झाक देतो. सागवान मूळ रंगात ठेवायचं असेल तर मेणविरहित फिकट चपडा घ्या. पांढरी, म्हणजे ब्लीच केलेली लाख आम्ही वापरत नाही, कारण ती कोरडी असतानाच लवकर जुनी होते आणि मग स्पिरिटमध्ये पूर्ण विरघळत नाही. आपल्याकडच्या उकाड्यात तर आणखी लवकर.

पाकिटातले पापुद्रे सुटे असावेत. गठ्ठा झाला असेल तर माल उष्णतेत पडून राहिलेला आहे. भेसळ असते ती स्वस्त राळेची, म्हणजे चीड झाडाच्या रोझिनची. ती ओळखायला सोपी परीक्षा आहे. चमचाभर चपडा कुटून काचेच्या बाटलीत टर्पेंटाइनमध्ये रात्रभर ठेवा. चपडा टर्पेंटाइनमध्ये विरघळत नाही, रोझिन विरघळतं. सकाळी वरच्या द्रवाचा थेंब काचेवर वाळवा. चिकट पिवळा थर उरला तर तो माल परत करा. मेणामुळे पुसटसा पांढुरका डाग उरू शकतो, तो चालतो. रोझिनचं पॉलिश पहिल्या दिवशी छान चकाकतं, मग उन्हाळ्यात चिकटतं आणि नखानं पांढरी रेघ उमटते.

स्पिरिटकडे लोक फार कमी लक्ष देतात आणि निम्मी कामं तिथंच बिघडतात. त्यात पाणी असता कामा नये. स्टीलच्या चमच्यात थोडं स्पिरिट घेऊन, बाटलीपासून दूर, अंगणात पेटवा. जळून संपल्यावर चमच्यात पाण्याचे थेंब उरले तर ते पॉलिशला निरुपयोगी. उघडी राहिलेली बाटली आपल्या हवेतून पाणी ओढून घेते, म्हणून मोठा कॅन घेऊन महिनोन्महिने वापरण्यापेक्षा लहान बाटल्या बऱ्या. आणि हे स्पिरिट विषारी असतं, त्यात मिथेनॉल असू शकतं. खिडक्या उघड्या, हातमोजे घातलेले आणि खोलीत समई, उदबत्ती, गॅस काहीही पेटलेलं नाही, एवढं पाळायलाच हवं.

मिश्रण: पहिल्या हातासाठी एक लिटर स्पिरिटला 120 ग्राम चपडा, पुढच्या हातांसाठी 200 ते 240 ग्राम. यापेक्षा घट्ट करू नका. साध्या खुर्चीला सगळं मिळून शंभरेक ग्राम चपडा पुरतो. पापुद्रे आधी कुटून घ्या, काचेच्या बरणीत टाका, अधूनमधून हलवा, रात्रभर ठेवा आणि मलमलीतून गाळा. पत्र्याच्या डब्यात कधीच नाही, लोखंडामुळे पॉलिश काळपट पडतं. बरणीवर तारीख लिहा. स्पिरिटमध्ये पडलेली लाख हळूहळू बदलत जाते आणि साधारण सहा महिन्यांनी ती कडक वाळेनाशी होते. शंका आली तर काचेवर थेंब टाका, दुसऱ्या दिवशीही नख रुतलं तर ती बरणी फेकून द्या. तयार पॉलिशच्या बाटलीवर उत्पादनाची तारीख नसेल तर ती घेण्यात अर्थ नाही, ते याच कारणासाठी.

लावण्याआधी जुनं पॉलिश कोणतं आहे ते तपासा. आतल्या बाजूला, दिसणार नाही अशा जागी, स्पिरिटचा बोळा मिनिटभर टेकवा. चिकट झालं तर ते चपड्याचंच. मग ते खरवडायची गरजच नाही. टर्पेंटाइननं वरचं मेण-मळ पुसा, मग स्पिरिटमध्ये किंचित ओला बोळा हलक्या हातानं फिरवा. तडकलेला जुना थर विरघळून पुन्हा सपाट बसतो. लाकडाचा वयाचा रंग जसाच्या तसा राहतो आणि विकत घेणारा जाणकार पैसे मोजतो ते त्या रंगाचे. स्पिरिटनं काही झालं नाही पण थिनरनं सुटलं तर एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर, दोन्हीनं नाही सुटलं तर मेलामाइन किंवा पीयू. तिथं मेहनत मोठी.

स्टीलवूल (बारीक पोलादी तारांचा घासणीचा बोळा) वापरताना जपून. माटी (ऐन), खैर अशा टॅनिन असलेल्या लाकडावर त्याचे तुकडे राहिले आणि ओल लागली की काळे ठिपके पडतात. सांध्यांची कामं पॉलिशच्या आधी, वेत विणणं नंतर.

प्रत्यक्ष पॉलिश बोळ्यानं. आत कापूस, बाहेर अनेकदा धुतलेलं सुती कापड. जुनं धोतर उत्तम. बोळा आतून भरायचा, बाहेरून बुडवायचा नाही. दाबल्यावर थेंब येईल इतका ओला असेल तर तो फार ओला. बोळ्याची हालचाल थांबू द्यायची नाही, थांबलात की तिथलाच थर उचलला जातो. अडकायला लागला तर बोळ्याला बोटाच्या टोकावर मावेल एवढं जवसाचं तेल, त्याहून जास्त नाही, आणि ते तेल शेवटी नुसत्या स्पिरिटच्या जवळजवळ कोरड्या बोळ्यानं काढून घ्यायचं. कोरीवकामावर बोळा पोचत नाही, तिथं मऊ केसांचा ब्रश आणि 120 ग्रामचंच पातळ मिश्रण. खोबणीत साचलेलं जाड पॉलिश पुढे तडकतं.

कोरड्या दिवसात दोन हातांमध्ये तासभर पुरतो. पावसाळ्याचं गणित वेगळं. स्पिरिट उडताना पृष्ठभाग थंड पडतो, हवेतली वाफ त्यावर जमते आणि पॉलिशमध्ये पांढरं धुकं अडकतं. गोव्यात लोकांना घरातला देव्हारा, चौरंग, झोपाळा चवथीआधी चकाकायला हवा असतो, म्हणजे काम श्रावणात येतं, जेव्हा हवेत ओल सगळ्यात जास्त असते. आमच्याकडे आर्द्रता दाखवणारं साधं मीटर भिंतीवर असतं. 65 टक्क्यांखाली बिनधास्त, 75 च्या वर काम बंद. समुद्राजवळ हिवाळ्यातही सकाळची हवा दमट असते, म्हणून अकरा ते चार हीच खरी वेळ. पावसात करणं भागच असेल तर खोली बंद करून डीह्युमिडिफायर (हवेतली ओल शोषणारं यंत्र) आधी चालवा, स्पिरिट उघडताना तो बंद ठेवा आणि खिडक्या उघडा, आणि हात जितका पातळ देता येईल तितका पातळ द्या. धुकं आलंच तर घाबरू नका. कोरड्या दिवशी स्पिरिटचा जवळजवळ कोरडा बोळा भरभर फिरवला की बहुतेक निघून जातं. देवघरातल्या वस्तू फेब्रुवारी-मार्चमध्ये द्या, असं आम्ही प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो.

आता दोष. उभं पाणी पडून राहिलं की पांढरा डाग. गरम चहाचा कप किंवा कढईचं बूड ठेवलं की वर्तुळ, कारण 65-70 अंशांच्या आसपास चपडा मऊ पडतो. साबण-सोडा आणि अमोनिया असलेले क्लीनर तो विरघळवतात. आणि फेणी. तिच्यात अल्कोहोल 40 टक्क्यांच्या घरात असतं, सांडलेली फेणी पाच मिनिटं राहिली तर पॉलिश हललंच म्हणून समजा. लांब हातांच्या आरामखुर्चीचा रुंद हात पेला ठेवायलाच वापरला जातो, त्यामुळे त्या दोन हातांवर आम्ही मेणविरहित चपड्याचं अस्तर देऊन वरून पीयूचा मॅट हात देतो, बाकी खुर्ची चपड्यावर. शुद्धतावाद्यांना हे रुचत नाही, पण वापरात असलेल्या खुर्चीला तेच योग्य आहे. जेवणाचं टेबल असेल तर वरची फळी पीयूची, पाय आणि पट्ट्या चपड्याच्या.

एक गुण मात्र कमी लोकांना माहीत आहे. पडलेल्या पाण्याला चपडा हरतो, पण हवेतली वाफ अडवण्यात तो फार चांगला आहे. जुन्या कपाटांच्या फळ्यांना मागून कधी पॉलिशच नसतं. पावसात मागची बाजू ओल पिते, पुढची नाही, आणि फळी वाकते. मागून, खालून, आतून दोन पातळ हात दिले तर दारं अडकणं बरंच कमी होतं. बंद घरातून आलेल्या कपाटाचा कुबट वासही खणांच्या आत चपडा दिल्यानं दबतो. तिथं तेल लावू नका, तेलाचा वास खणात कोंडून वर्षभर राहतो. पाळण्यालाही चपडाच द्यावा. स्पिरिट पूर्ण उडाल्यावर जे उरतं, तीच लाख औषधाच्या गोळ्यांवर आणि मिठाईवरच्या लेपातही वापरतात.

चपडा किडीपासून वाचवत नाही, हे मात्र स्पष्ट सांगायला हवं. खाली पिठासारखा भुगा पडत असेल, एक-दोन मिलिमीटरची भोकं दिसत असतील, तर आधी कीटकनाशक, तेही उघड्या लाकडावर, भोकांत पिचकारीनं. वरून पॉलिश मारलं की औषध आत जायची वाट बंद होते. सागवानाचं गाभ्याचं लाकूड सहसा वाचतं, कडेचा पांढरा भाग आणि आंब्याचं लाकूड आधी जातं. विकत घेताना टॉर्च घेऊन पायांच्या तळाशी आणि मागच्या पट्ट्यांवर बघा.

देखभाल सोपी. कोरडं मऊ फडकं, वर्षातून एकदा पावसाळा संपल्यावर पातळ मेण, एक भाग मधमाशीचं मेण आणि तीन भाग टर्पेंटाइन, लावून चांगलं पुसून काढायचं. कपाट चिऱ्याच्या बाहेरच्या भिंतीपासून तीन बोटं पुढे ठेवायचं. वेताची सैल पडलेली बैठक घट्ट करायला खालून ओलं फडकं लावतात, तेव्हा भोवतालच्या चौकटीवर पाणी जाऊ देऊ नका, नाहीतर कडेनं पांढरी पट्टी उमटते. आणि जवसाचं तेल लागलेले बोळे कोपऱ्यात गोळा करून टाकू नका. ते आपोआप तापून पेट घेतात. उघड्यावर पसरून वाळवा किंवा पाण्यानं भरलेल्या झाकणाच्या डब्यात ठेवा.