हँग-ऑन स्टँड, १६ महिन्यांनंतर: लोखंडाबद्दल तक्रार नाही, पट्ट्याबद्दल आहे

हँग-ऑन स्टँड म्हणजे हरणाच्या शिकारीसाठी झाडाला पट्ट्यांनी टांगायचा, वर बसायचा छोटा मंच. सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी माझा स्टँड तपासायला गेले आणि खालच्या पट्ट्याचा रॅचेट, म्हणजे पट्टा आवळायची दातेरी कडी, उघडेचना. हा स्टँड मार्चमध्ये उतरवायला हवा होता. स्टिक्स (झाडाला बांधायच्या पायऱ्या) आणि लाइफलाइन (सुरक्षेचा दोर) घरी आणल्या, स्टँड मात्र उन्हाळाभर ओकच्या झाडावरच राहिला. शेत ओळखीच्यांचं, खाजगी. मिशिगनच्या सरकारी जमिनीवर असता तर १ मार्चच्या आत काढावाच लागला असता, आणि ते माझ्या पथ्यावरच पडलं असतं. सहा महिन्यांत झाडाचा घेर वाढला होता, पट्टा सालीत रुतून बसला होता. दोन्ही हातांनी दांडी ओढली तेव्हा खटकन सुटला. खाली आणून बोटांवर वाकवून पाहिला, तर घडीवर बारीक पांढरे तंतू उभे राहिले. आणि झाडाच्या पाठीमागच्या बाजूला, जिथे वर चढताना नजरच जात नाही, तिथे खारीने कड कुरतडलेली. एक इंच रुंदीच्या पट्ट्यातला जेमतेम पाऊण इंच उरलेला.

१ ऑक्टोबरला, आर्चरीच्या म्हणजे धनुष्यबाणाच्या शिकारीच्या मोसमाच्या पहिल्या पहाटे, मी अंधारात याच पट्ट्याच्या भरवशावर उभी राहणार होते.

म्हणून हा अनुभव लिहायला घेतला. स्टँडची मापं, वजन, फोल्ड होणारी सीट हे सगळं खोक्यावर छापलेलं असतं, ते इथे पुन्हा लिहीत नाही. १३९ डॉलरला घेतला. प्लॅटफॉर्म मजबूत आहे, वेल्डिंग अजून जसंच्या तसं आहे. थंडीत सीटचा खिळा कुरकुरायचा, नायलॉनचे वॉशर घातल्यावर गप्प झाला. लोखंडाबद्दल एवढंच.

आता पट्टा. मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलंय की पट्टे दर दोन वर्षांनी बदला, आणि खराब दिसले तर त्याआधीही. मान्य. पण पट्ट्यावर तारीखच नाही! हार्नेसवर, म्हणजे पडल्यास धरून ठेवणाऱ्या, अंगावर घालायच्या पट्ट्यांच्या साजावर, उत्पादनाचा महिना-वर्ष छापलेलं लेबल शिवलेलं असतं. ज्याच्यावर अख्खा स्टँड लटकतो त्या पट्ट्यावर काही नाही. एक छोटा कागदी टॅग होता, तो पहिल्याच पावसात धुऊन कोरा झाला. दुकानात खोकं किती महिने पडून होतं ते कुणाला ठाऊक? दोन वर्षं मोजायची ती कुठल्या दिवसापासून?

कंपनीला फोटो पाठवले. उत्तर आलं की पट्टे ही झिजणारी वस्तू आहे, वॉरंटीत बसत नाही. ते मी समजून घेतलं, उन्हाळाभर बाहेर ठेवण्याची चूक माझीच होती. पण नवा पट्टा १४ डॉलरचा आणि पाठवणावळ ९ डॉलर! पैसे लगेच कापले. पाच आठवडे पट्टा नाही. फोन केल्यावर कळलं की माल शिल्लक नाही, कधी येईल सांगता येत नाही. तोवर हार्डवेअरच्या दुकानातला ट्रकवर सामान बांधायचा पट्टा लावू का, असं विचारलं. फोनवरच्या बाईंनी ठामपणे सांगितलं, मुळीच लावू नका. त्या क्षणी राग आला. नंतर दोन्ही पट्टे टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. सामानाच्या पट्ट्याची वीण विरळ, आकडा पातळ, आणि माणसाचं वजन धरण्याबद्दल पाकिटावर एक अक्षर नाही. बाईंचं बरोबर होतं. पण पैसे घेताना माल नाही हे सांगायला काय हरकत होती? पट्टे शेवटी ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात आले. तोवरचा मोसम मी जमिनीवर, झुडपाआड स्टूल टाकून बसले.

रविवारी बाबांशी व्हिडिओ कॉलवर बोलताना त्यांना तो कुरतडलेला पट्टा दाखवला. बाबा भंडारा जिल्ह्यातले, धान करणारे. आमच्या बांधीत रानडुकरांसाठी मचाण असायचं, लहानपणी मी त्याच्यावर झोपलेय. त्यांनी पट्टा पाहिला आणि म्हणाले, "मागच्या वर्षाचा दोर मचानीले नाही बांधाचा, बाई." तेव्हा आठवलं, धान फुटायला लागलं की ते अंबाडीचा नवा दोर वळून घ्यायचे आणि सगळ्या गाठी नव्याने बांधायचे. जुना दोर गोठ्यात जायचा. त्या दोरावर तारीख लिहिण्याची गरजच नव्हती.

आता दुसरी गोष्ट. तिच्याबद्दल माझं मत पूर्ण बदललं.

स्टँडबरोबर फुकट येणारा फुल-बॉडी हार्नेस मला मुळीच आवडला नव्हता. सगळे पट्टे एकाच रंगाचे, अंधारात पाय कुठे घालायचा तेच कळत नाही. माझ्या ५८ किलोच्या अंगावर मांडीचे पट्टे शेवटपर्यंत आवळूनही ढगळ. आणि लाइफलाइन, म्हणजे वरपासून बुंध्यापर्यंत सोडलेला दोर आणि त्यावर सरकणारी, ओढ बसली की आवळणारी प्रुसिक गाठ, ही तर चैन वाटली होती. तीन दोरांच्या पाकिटाला ९५ डॉलर. स्टँड एकच, मग तीन कशाला? शेतमालक आजोबांनी हट्टच धरला म्हणून घेतलं. ते म्हणाले, माणसं वर बसलेली असताना फारशी पडत नाहीत, चढता-उतरताना आणि स्टिकवरून प्लॅटफॉर्मवर पाय टाकताना पडतात. आणि त्या वेळी टेदर, म्हणजे हार्नेसच्या पाठीचा आखूड पट्टा, झाडाला अडकवलेला नसतो. मला ते तेव्हा फारसं पटलं नव्हतं.

पहिल्या मोसमात, बंदुकीच्या दिवसांत (१५ ते ३० नोव्हेंबर), दुपारी गारांचा पाऊस झाला. सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने शिकारीची वेळ संपते, म्हणजे उतरायचं ते अंधारातच. बंदूक रिकामी करून दोरीने खाली सोडली. हेडलॅम्पच्या उजेडात सगळ्यात वरची पायरी चमकत होती. मी ती ओली समजले, तिच्यावर बर्फाची साय धरली होती. डावा पाय ठेवला, उजवा प्लॅटफॉर्मवरून उचलला, आणि डावा सुटला.

गाठ आवळली. मी वीतभर खाली आले असेन, त्याहून जास्त नाही. टेदर मानेमागे ताठ झाला, छाती झाडावर आपटली, हेडलॅम्प कलला आणि समोर फक्त ओकची साल दिसत होती. जमीन १८ फूट खाली. दोन-चार सेकंदांत पाय पुन्हा पायरीवर टेकला, पण तेवढ्यातही मांडीचे पट्टे रुतून पाय जड व्हायला लागले होते. खाली उतरून नवऱ्याला नेहमीचा मेसेज केला, "उतरले". त्याचा नियमच आहे, वर गेलीस की कळव, उतरलीस की कळव. बाकीचं घरी गेल्यावर सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "तो हार्नेस दाखव मला."

ज्याला मी नावं ठेवत होते त्याच फुकटच्या हार्नेसने धरलं. एकदा झटका बसलेला हार्नेस पुन्हा वापरायचा नसतो, म्हणून त्याचे पट्टे कापून टाकून दिला. टाकताना वाईट वाटलं. आता माझ्या मापाचा, जॅकेटसारखा घालायचा घेतलाय. महाग आहे, पण अंधारात पाय बरोबर जातात. त्याच्या खिशात रिलीफ स्ट्रॅप आहे. लटकून राहायची वेळ आली तर त्याच्या फासात पाय घालून उभं राहायचं, म्हणजे मांड्यांवरचा ताण उतरतो आणि रक्त खेळतं राहतं. नुसतं निपचित लटकून राहणं हार्नेसमध्येही जीवघेणं ठरू शकतं. आम्ही दोघांनी मागच्या अंगणातल्या मेपलवर, जमिनीपासून दोन फुटांवर याचा सराव केला. पहिल्यांदा मला तो स्ट्रॅप खिशातून काढताच आला नाही, हातमोजे आड येत होते. आता तो खांद्याजवळच्या खिशात ठेवते.

घसरण्याचं मूळ कारण मात्र बर्फाच्या आधीचं होतं. उंचीच्या हव्यासापायी प्लॅटफॉर्म १८ फुटांवर टांगला होता आणि चार स्टिक्स तिथवर पुरत नव्हत्या. शेवटची पायरी प्लॅटफॉर्मच्या खाली राहायची, त्यामुळे चढताना अंग वर खेचायचं आणि उतरताना पायाने चाचपडायचं. आता स्टँड १५ फुटांवर आणलाय. शेवटची स्टिक प्लॅटफॉर्मच्या वर जाते, हाताला धरायला मिळते आणि पाय खाली टाकून आत उतरता येतं. हरणांना तीन फुटांचा फरक पडला नाही. डिसेंबरमध्ये एक मादी अगदी खालून गेली, तिने वर पाहिलंही नाही.

झाड निवडताना मी आधी एका सरळसोट ॲशवर बोट ठेवलं होतं. आजोबांनी सालीवरची इंग्रजी डी अक्षरासारखी बारीक भोकं दाखवली. एमराल्ड ॲश बोरर हा किडा २००२ मध्ये डेट्रॉइटच्या आसपास सापडला आणि तेव्हापासून इथली ॲशची झाडं वाळत गेली आहेत. बाहेरून उभं दिसणारं झाड आतून ठिसूळ असतं. अशा झाडावर चांगला पट्टाही काय धरणार? स्टँड जिवंत झाडालाच टांगा.

टांगताना लाइनमन बेल्ट, म्हणजे झाडाभोवती फिरवून कमरेला अडकवायचा पट्टा, असतोच. फांदी आडवी आली की बेल्ट सोडण्याआधी टेदर फांदीच्या वर अडकवते. लाइफलाइन सगळ्यात वर, आणि बसल्यावर टेदर जवळजवळ ताठ राहील इतकी गाठ डोक्याच्या वर सरकवून. थंडीत दोर गोठला की प्रुसिक चिकटते, एका हाताने सरकत नाही. ही एक खरी अडचण आहे आणि तिच्यावर मला अजून चांगला उपाय सापडलेला नाही. थांबून, तीन आधार पक्के ठेवून, गाठ चोळत चोळत वर नेते. वेळ लागतो.

पाकिटातल्या उरलेल्या दोन लाइफलाइनपैकी एक नवऱ्याच्या नव्या स्टँडला लागली. तेव्हा तीनचं पाकीट वाया गेलं हे माझं म्हणणं मागे घेते.

घ्यावा का? घ्या. पण त्याच दिवशी पट्ट्यांची दुसरी जोडीही मागवा. नंतर एकटा पट्टा मागवलात तर पाठवणावळ आणि पाच आठवडे दोन्ही जातात. तारखेबद्दल कंपनीला दोनदा लिहिलं, आभार मानणारं ठरावीक उत्तर आलं. मी माझ्यापुरती सोय केली आहे. पट्ट्यावर शाईने लिहायला नको, म्हणून रॅचेटच्या दांडीला सुती कापडाची पट्टी बांधून तिच्यावर महिना आणि वर्ष लिहिलंय. २ जानेवारीला सगळं उतरवलं. पट्टे तळघरात खुंटीला टांगलेत, खारी पोचणार नाहीत अशा जागी, आणि नव्या जोडीची ऑर्डर ऑगस्टसाठी कॅलेंडरवर टिपून ठेवली आहे.