३०-३० साठी शिसं किती कडक घ्यावं?

घरी गोळ्या ओतायला लागलेला माणूस साचा, भट्टी, कलछी या पायऱ्या ओलांडून लवकरच एका प्रश्नापाशी येतो: मिश्रधातू कोणता? पिस्तुलाचं सोडून द्या, तिथे बरंच काही खपून जातं. मी बोलतोय ते ३०-३० विंचेस्टर या रायफलच्या काडतुसाबद्दल. लीव्हर ओढायची जुनी रायफल, लायमन कंपनीच्या ३११०४१ साच्यातली साधारण १७० ग्रेनची (सुमारे ११ ग्रॅम), गॅस चेकवाली (बुडाला तांब्याची छोटी टोपी असलेली) गोळी आणि सेकंदाला अठराशे-दोन हजार फुटांचा वेग. (मी पेनसिल्व्हेनियात राहतो, इथे हा छंद चालतो. भारतात शस्त्र कायदा १९५९ प्रमाणे दारूगोळा बनवायला परवाना लागतो, तेव्हा तिकडच्या वाचकांनी हे कुतूहल म्हणूनच वाचावं.)

माझ्यापुढे तीन उमेदवार होते. पहिला, गाडीच्या चाकाला क्लिपने लावायची शिशाची वजनं (व्हील वेट) वितळवून, वर दोनेक टक्के कथील घालून ओतलेला आणि हवेतच गार होऊ दिलेला धातू, ब्रिनेल ११-१२ (ब्रिनेल म्हणजे कडकपणाचं माप; आकडा जितका मोठा तितका धातू कडक). दुसरा, तोच धातू, पण साच्यातून गोळी थेट पाण्याच्या बादलीत. अँटिमनी आणि किंचित आर्सेनिकच्या जोरावर तो १८-२० पर्यंत चढतो. तिसरा लिनोटाइप, म्हणजे छापखान्यात अक्षरं ओतायचा धातू: ८४ टक्के शिसं, १२ अँटिमनी, ४ कथील, ब्रिनेल २२ च्या आसपास. लायमन नंबर २ नावाचा मिश्रधातू या सगळ्यांच्या मधोमध बसतो. चांगलाच आहे, पण त्यात ५ टक्के कथील जातं आणि कथिलाचा भाव पाहिला की मी पुढे सरकतो.

लिनोटाइपबद्दल मला माया आहे. आपल्याकडच्या छापखान्यांतले खिळेही शिसं-अँटिमनी-कथिलाच्याच घराण्यातले. २४० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतो आणि साच्याचा कोपरा न् कोपरा भरतो. अक्षरं ओतायला बनवलेला धातू आहे, त्यात नवल नाही. कागदावर त्याच्या गोळ्या किंचित जवळजवळ पडतात असं मला वाटतं. मोजपट्टी लावून सिद्ध करून दाखवा म्हणालात तर मात्र मी गप्प बसेन. अडचण अशी की छापखाने बंद झाल्यापासून तो स्वस्तात मिळत नाही, त्याच साच्यातून गोळी थोडी जाड आणि हलकी निघते, आणि शिकारीत हाडावर आदळली तर ती पसरण्याऐवजी फुटते. हरणासाठी मी तो वापरणार नाही. कॅलिफोर्नियावाल्यांपुढे तर हा प्रश्नच नाही, तिथे १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाच्या गोळीला बंदी आहे.

कडक धातूकडे लोक वळतात ते एका गणितामुळे. ब्रिनेलचा आकडा गुणिले १४२२ केला की जितका पीएसआय (चौरस इंचावर पौंडांचा दाब) येतो, तितक्या दाबाला गोळीचा बुडखा दबायला लागतो, असं सांगतात. १२ ला सुमारे १७ हजार, २२ ला ३१ हजार. आणि ३०-३० ची कमाल मर्यादा ४२ हजार! म्हणजे या हिशेबाने लिनोटाइपही नापास. तरीही मऊ गोळ्या वर्षानुवर्षं नीट लागताहेत, कारण बुडाला तांब्याचा गॅस चेक आहे आणि गोळी नळीला घट्ट बसते. नळीच्या खोबणीचं माप घ्या आणि गोळी त्याहून एक-दोन हजारांश इंच जाड ठेवा. जुन्या लीव्हर रायफलींच्या नळ्या बऱ्याचदा कागदोपत्रीच्या ०.३०८ पेक्षा ढिल्या असतात. मी ०.३१० वर साइझ करतो, म्हणजे गोळी डायमधून दाबून त्या मापाची करतो. गोळी ढिली असेल तर वायू बाजूने निसटतो आणि नळीत शिसं धरतं, मग ती कितीही कडक असो.

खरा सामना पहिल्या दोघांत होता, आणि पाण्यात टाकण्याची पद्धत कागदावर बिनखर्चाची वाटते. माझ्यासाठी तिचा निकाल साइझिंगने लावला. बादलीतून काढलेली गोळी लगेच कडक नसते. काही तासांत ती चढते, पुढे काही दिवस चढत राहते. एकदा चढल्यावर साइझिंग डायमधून दाबली की तिचे पट्टे घासून पुन्हा मऊ पडतात, म्हणजे नळीच्या आट्यांना भिडणारा नेमका तोच भाग. म्हणून ओतल्या ओतल्या त्याच संध्याकाळी एकेक गोळी पुसा, गॅस चेक बसवा, दाबा. रविवारी दुपारभर भट्टीपुढे उभं राहून गॅरेज झाडून झालं की मला आंघोळ आणि वरणभात हवा असतो, दोन तास प्रेसचा दांडा नको. आधी साइझ करून मग ओव्हनमध्ये तापवून पाण्यात टाकण्याचाही मार्ग आहे. त्यासाठी वेगळा ओव्हन घ्या (स्वयंपाकघरातला नव्हे) आणि वंगण नंतर लावा. शिवाय वितळलेल्या शिशाशेजारी पाण्याची बादली मला मुळातच खटकते. एक थेंब शिशाखाली गेला की वाफ होऊन सगळं उसळतं.

हवेत गार केलेल्या गोळ्या जुन्या टॉवेलवर पडून राहतात. पुढच्या रविवारी साइझ करा, दिवाळीनंतर करा, त्या रुसत नाहीत. दोनेक आठवड्यांत थोड्या कडक होतात, पण तेवढ्याने काही बिघडत नाही.

माझा कौल कुठे आहे ते कळलंच असेल. तरी तुमची मार्लिन कंपनीची रायफल असेल आणि तिच्या नळीत उथळ मायक्रो-ग्रूव्ह आटे असतील, तर थोडा कडक धातू किंवा थोडी जाड गोळी तुम्हाला मानवेल. दोन हजार फुटांच्या बरंच पुढे जायची हौस असेल तरीही.

व्हील वेट मिळणं मात्र अवघड होत चाललंय. आता ढिगात जस्त आणि पोलाद फार. जस्त ४१९ अंशाला वितळतं, म्हणून भट्टी ३७० च्या वर नेऊ नका. जस्ताचे तुकडे वर तरंगतात, काढून टाका. आणि कुठल्या बंद छापखान्यातून लिनोटाइप हाती लागलाच, तर नुसता ओतू नका. एक भाग लिनोटाइप, दोन भाग शुद्ध शिसं. अँटिमनी ४ टक्के, कथील सव्वा टक्क्याच्या जरा वर. झाला की व्हील वेट, आणि जस्ताची भानगडही नाही.