बाप्तिस्मा: बालपणी की विश्वासाच्या कबुलीनंतर?

कॅथलिक, ऑर्थोडॉक्स, लूथरन आणि अँग्लिकन या ख्रिस्ती मंडळ्यांत (चर्चमध्ये) तान्ह्या बाळालाही बाप्तिस्मा, म्हणजे पाण्याने होणारा ख्रिस्ती दीक्षाविधी, दिला जातो. समज येण्याआधीच देवाची कृपा माणसापर्यंत पोहोचते, अशी त्यामागील धारणा आहे. बॅप्टिस्ट मंडळ्या मात्र विश्वासाची कबुली ज्याची त्यानेच द्यावी, असे मानतात. या मतभेदापायी १५२७ मध्ये झुरिकमध्ये विश्वासाच्या कबुलीनंतरच्या बाप्तिस्म्याचा आग्रह धरणारे फेलिक्स मान्झ यांना लिमात नदीत बुडवून मारण्यात आले.

बॅप्टिस्ट पद्धतीत व्यक्ती पाण्याखाली जाऊन वर येते, तेव्हा बायबलमधील रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायातील ख्रिस्ताबरोबर पुरले जाणे आणि नव्या जीवनात चालणे डोळ्यांपुढे उभे राहते. डोक्यावर ओतलेल्या पाण्याने हा अर्थ तितका ठसत नाही (ऑर्थोडॉक्स धर्मगुरू मात्र बाळालाही तीनदा बुडवतात). उलट, कृपा ही कमाई नसून देणगी आहे, हे सत्य काहीच बोलू न शकणाऱ्या बाळाच्या बाप्तिस्म्यात अधिक स्वच्छ दिसते. वैयक्तिक कबुलीला पाश्चात्त्य मंडळ्यांत पुढे दृढीकरणाच्या (बाप्तिस्म्यातील विश्वास स्वतः कबूल करण्याच्या विधीच्या) वेळी स्थान मिळते.