फिजिओथेरपी क्लिनिकसाठी टेबल निवडताना: स्थिर, हायड्रॉलिक की इलेक्ट्रिक?

नवं क्लिनिक उभारताना टेबलाचा विचार बहुतेक वेळा सगळ्यात शेवटी होतो. आधी मशीन्स ठरतात, मग फर्निचर, आणि उरलेल्या पैशांत बसेल ते टेबल येतं. मला हा क्रम उलटा वाटतो. मशीन काही रुग्णांना लागतं, टेबल जवळपास प्रत्येकाला लागतं, आणि थेरपिस्टचा अख्खा दिवस त्याच्यावर वाकण्यात जातो. पैसे कमी पडत असतील तर एखादं मशीन पुढे ढकला, पण उंची कमी-जास्त होणारं निदान एक टेबल पहिल्या दिवसापासून असू द्या.

लाकडी किंवा लोखंडी चौकटीचं स्थिर, म्हणजे उंची न बदलणारं टेबल स्वस्त आणि दणकट असतं, त्यात बिघडण्यासारखं फारसं काही नसतं. पॅड लावून रुग्णाला शेक किंवा करंट द्यायचा असेल, पाय उचलण्याचे साधे व्यायाम करून घ्यायचे असतील, तर ते पुरेसं आहे. अडचण हाताने उपचार सुरू केले की येते. पालथ्या झोपलेल्या रुग्णाच्या कमरेचं मोबिलायझेशन (हाताने दाब देऊन सांधे मोकळे करणं) करताना कोपर सरळ ठेवून खांदे हातांच्या बरोबर वर आणायचे असतात, म्हणजे जोर अंगठ्यांतून न येता शरीराच्या वजनातून येतो. त्यासाठी टेबल साधारण आपल्या मांडीच्या मध्यापर्यंत हवं. तोच रुग्ण कुशीवर वळला की हात ठेवायची जागा एकदम वर जाते आणि टेबल आणखी खाली घ्यावं लागतं. मानेचं काम बसून करायचं तर पुन्हा वेगळी उंची. स्थिर टेबलावर हे सगळे बदल थेरपिस्टची कंबर आणि मनगटं सोसतात. एकाच टेबलावर उंच आणि ठेंगणे असे दोन थेरपिस्ट काम करणार असतील, तर दोघांपैकी एकाचे हाल ठरलेले.

रुग्णाच्या बाजूनेही पाहा. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाला पायरीचं स्टूल देऊन वर चढवणं हा उपचारातला सगळ्यात धोक्याचा क्षण ठरू शकतो.

उंची बदलणारं टेबल घ्यायचं ठरलं की प्रश्न उरतो हायड्रॉलिक की इलेक्ट्रिक. हायड्रॉलिकला वीज लागत नाही, वायर नसते, जागा बदलणं सोपं. पण वर न्यायचं तर पायाने पंप मारावा लागतो, तोही एका पायावर उभं राहून, आणि रुग्ण वजनदार असेल तर जोर जास्त लागतो. त्यामुळे उपचाराच्या मधे उंची बदलायचा कंटाळा येतो आणि टेबल एकाच उंचीवर पडून राहतं. काही वर्षांनी सील झिजलं की टेबल हळूहळू खाली बसायला लागतं. वीज बेभरवशाची असेल किंवा रुग्ण मोजके असतील तर हायड्रॉलिक चांगलं. बाकी ठिकाणी मी इलेक्ट्रिककडेच बोट दाखवेन, कारण पायाच्या एका दाबाने बदलणारी उंची खरोखर दिवसभर बदलली जाते. हातातला रिमोट मात्र नको, हाताला जेल किंवा तेल लागलेलं असतं. फूटस्विच घ्या. टेबलाच्या चहूबाजूंनी फिरणारी पायपट्टी मिळाली तर उत्तमच. मोटर सलग किती वेळ चालवायची याची मर्यादा असते. अनेक मोटरींसाठी ती दोन मिनिटं चालवा, अठरा मिनिटं विश्रांती द्या, अशी असते. क्लिनिकच्या रोजच्या वापराला ती आडवी येत नाही.

विक्रेते टेबल किती वर जातं ते सांगतात. तुम्ही किती खाली येतं ते विचारा. व्हीलचेअरची सीट साधारण ४५ ते ५० सेंटिमीटरवर असते. टेबल ६० वरच थांबत असेल तर रुग्णाला प्रत्येक वेळी चढावर सरकवावं लागणार. वजनाची क्षमताही दोन प्रकारे सांगितली जाते: टेबल नुसतं किती पेलतं आणि किती वजन घेऊन वर जातं. आपल्या कामाचा दुसरा आकडा.

सेक्शन, म्हणजे टेबलाचे वेगवेगळे वळणारे भाग, किती असावेत यावर फार चर्चा होते, तितकी गरज नाही. सर्वसाधारण क्लिनिकला दोन सेक्शन पुरतात, फक्त डोक्याकडचा भाग वर-खाली दोन्हीकडे वळणारा आणि चेहऱ्यासाठी भोक असलेला हवा. मान-पाठीचे रुग्ण जास्त असतील तर तीन सेक्शन आणि खाली सरकणारे हातांचे आधार घ्या. पालथं झोपल्यावर खांदे सैल सुटतात. त्यापुढे प्रत्येक जास्तीचा सेक्शन म्हणजे जास्तीचा सांधा आणि मळ साचायला आणखी एक फट.

रुंदीत मात्र तडजोड करावीच लागते. ६० सेंटिमीटरच्या टेबलावर थेरपिस्टला रुग्णाजवळ जाता येतं, पण कूस बदलताना रुग्णाला पडण्याची भीती वाटते. ७० ला रुग्ण निवांत, थेरपिस्टची पोहोच कमी. हाताचं काम जास्त असेल तर ६५ च्या आसपास राहा. पक्षाघाताचे रुग्ण किंवा सेरेब्रल पाल्सीची मुलं येणार असतील तर हा हिशेबच वेगळा. त्यांच्यासाठी मीटर-सव्वा मीटर रुंदीचं मॅट टेबल हवं, ज्यावर रुग्ण लोळू शकेल आणि थेरपिस्टही त्याच्या मागे बसू शकेल. एकाच टेबलात दोन्ही साधायला गेलात तर दोन्ही कामं अर्धवट होतील.

कमरेला ट्रॅक्शन (मणक्यांना ताण) देणार असाल तर मधून दुभंगून सरकणारं टेबल घ्या. अखंड टेबलावर शरीराच्या वजनाच्या साधारण पावपट जोर नुसत्या घर्षणावर मात करण्यात जातो. टिल्ट टेबल, म्हणजे झोपलेल्या रुग्णाला हळूहळू उभं करणारं टेबल, मज्जारज्जूच्या दुखापतीचे किंवा दीर्घकाळ अंथरुणाला खिळलेले रुग्ण असतील तरच.

गादी तपासायची तर स्वतः पालथं झोपा आणि सहकाऱ्याला पाठीवर दाबायला सांगा. मऊ फोम झोपायला छान वाटतो, पण दिलेला दाब तोच गिळून टाकतो. रेक्झिन वारंवार अल्कोहोलने पुसलं की कडक होऊन शिवणीपाशी तडकतं, म्हणून ते कशाने पुसायचं हे लेखी घ्या.

पैसे देण्याआधी टेबल पूर्ण खालून पूर्ण वर नेऊन पाहा. बरीच टेबलं वर जाताना लांबीच्या दिशेने सरकतात. भिंतीला चिकटवून ठेवलं तर डोक्याकडची बाजू भिंतीवर आपटते, तेव्हा खोली मोजताना ती जागा धरा. आणि इलेक्ट्रिक टेबलाला चावीचं लॉक आहे का ते बघाच. खाली येणाऱ्या चौकटीत पाय किंवा हात सापडू शकतो, आणि लहान मुलं टेबलाखाली हमखास शिरतात. टेबल वापरात नसताना लॉक लावून चावी काढून ठेवायची, हे सफाई करणाऱ्यांसकट सगळ्यांना पहिल्याच दिवशी दाखवून द्या.