टिक्का टी३एक्स लाइट : हरणाच्या शिकारीसाठी कारखान्याची रायफल निवडताना

कारखान्यात बनलेली शिकारी रायफल घ्यायची तर आमची पसंती टिक्का टी३एक्स लाइटला, तीही .३०८ विंचेस्टर काडतुसात. ती खोक्यातून काढावी, वर स्कोप बसवावा आणि तशीच रानात न्यावी. बऱ्याच स्वस्त रायफलींचं तसं नसतं. घरी आणल्यावर कुणाचा चाप बदलावा लागतो, कुणाचा दस्ता, तर कुणाचा बोल्ट (काडतूस नळीत ढकलून ती मागून बंद करणारा दांडा) घासून गुळगुळीत करून घ्यावा लागतो. हा खर्च जमेला धरला की दुकानात वाचवलेले डॉलर कुठल्या कुठे जातात.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे आता हौशी शिकारीला जागाच राहिलेली नाही. त्यामुळे हे परीक्षण अमेरिकेत परवाना काढून हरणाच्या मोसमात उतरणाऱ्यांसाठी आहे. रायफल बघण्याआधी दोन गोष्टी तपासा. एच-वन-बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असाल तर संघराज्याच्या कायद्याने बंदूक बाळगायला मनाई आहे. वैध शिकार परवाना जवळ असेल तर त्यातून सूट मिळते. म्हणून आधी परवाना, मग दुकान. दुसरी गोष्ट तुमच्या राज्याची. न्यू जर्सीत हरणासाठी .३०८ सारखी रायफल चालत नाही, तिथे शॉटगन वापरावी लागते. शेजारच्या पेनसिल्वेनियात मात्र बोल्ट रायफल चालते. ओहायोत सरळ भिंतीच्या, म्हणजे तोंडाशी अरुंद न होणाऱ्या काडतुसांचीच मुभा आहे आणि .३०८ त्यात बसत नाही. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाची गोळी चालत नाही, तांब्यासारखी बिनशिशाची घ्यावी लागते.

आता रायफलीकडे. टिक्का फिनलंडमधल्या रिहिमॅकीच्या साको कारखान्यात बनते. टी३ हे मॉडेल २००३ मध्ये आलं, सुधारलेली टी३एक्स २०१६ मध्ये. नळी साकोच्याच पद्धतीची: पोलादाची जाड नळी आतल्या दांड्यावर चढवून चारी बाजूंनी हातोड्यांनी ठोकतात, त्यात आतले आटे उमटतात. लाइट मॉडेलची नळी २२.४ इंच, वजन स्कोपशिवाय साधारण २.९ किलो. कारखान्याची हमी तीन गोळ्यांत एक एमओए, म्हणजे १०० यार्डावर साधारण एक इंचाचा जुडगा. चांगलं काडतूस मिळालं की ही हमी खरी ठरते, आणि कारखान्याच्या रायफलीकडून याहून जास्त मागायचं कारण नाही. हरणाचा जिव्हारी लागणारा भाग सात-आठ इंचांचा असतो.

टिक्काची खरी मौज बोल्टमध्ये आहे. तो ७० अंशच उचलावा लागतो, त्यामुळे मूठ स्कोपला घासत नाही आणि जाड हातमोजे असले तरी बोटं अडकत नाहीत. दुकानात रायफल रिकामी आहे याची खात्री करून बोल्ट दोन बोटांनी मागे-पुढे करून बघा. कुठे खरखर नाही, कुठे डुगडुग नाही. बाजूला एखादी स्वस्त रायफल ठेवून तेच करा, म्हणजे फरक सांगावा लागणार नाही. बोल्ट हत्याराशिवाय उघडतो, ही थंड मुलखात मोठी सोय आहे. मात्र साफ करून जोडताना मागची टोपी फिरून फायरिंग पिन (काडतुसावर आपटून बार उडवणारी सुई) सुटली, तर बोल्ट रायफलीत शिरतच नाही. नवखे लोक तिथे जोर लावतात. जोर लावू नका, टोपी फिरवून पिन परत ताणा आणि मग घाला.

चाप एकाच टप्प्याचा, स्वच्छ तुटणारा. एका स्क्रूने तो एक ते दोन किलोच्या दरम्यान बसवता येतो. थंडीत हातमोजे घालून शिकार करायची असेल तर सव्वा किलोच्या खाली जाऊ नका, बोटाला चाप लागल्याचं कळायच्या आत बार उडेल. स्क्रू फिरवल्यावर रायफल रिकामी ठेवून, खटका (सेफ्टी) उघडा ठेवून, दस्ता जाड गालिच्यावर दोन-तीनदा आपटा. पिन सुटली तर चाप फार हलका झालाय.

आता उणिवा. पहिली आणि आमच्या लेखी सगळ्यात मोठी: खटका दोनच टप्प्यांचा आहे. बंद केला की चापही बंद आणि बोल्टही बंद. म्हणजे नळीतलं काडतूस काढायचं तर खटका उघडावाच लागतो. दिवसभर थकून, अंधार पडताना, गाडीशेजारी रायफल रिकामी करताना हे नको वाटतं. सवय एकच लावायची: आधी मॅगझिन बाहेर, नळीचं तोंड जमिनीकडे, बोट चापाबाहेर, आणि मगच खटका उघडून बोल्ट मागे.

दुसरी उणीव दस्त्याची. तो काचतंतू मिसळलेल्या प्लास्टिकचा आहे. टी३एक्समध्ये आत फोम भरल्यामुळे आधीसारखा पोकळ वाजत नाही, पण पुढचा भाग अजूनही हलका आहे. बायपॉडवर (पुढे लावायच्या दोन पायांच्या टेकूवर) जोर देऊन दाबला तर तो नळीच्या जवळ सरकतो. कागदाची पट्टी नळी आणि दस्त्याच्या फटीत घालून मागेपर्यंत ओढून बघा, कुठे अडकली तर नळी टेकतेय. शिकारीला वाळूची पिशवी किंवा पाठपिशवी पुरते, बायपॉड घरी ठेवा.

तिसरी गोष्ट दोष नाही, पण त्यात फसणारे पुष्कळ. धक्का पेलणारी पोलादी पट्टी टिक्कात दस्त्यात बसवलेली असते आणि रिसीव्हरला (बोल्ट ज्यात सरकतो त्या धातूच्या भागाला) तिच्यासाठी खाच असते. साफसफाईला रायफल दस्त्यातून काढली की ही पट्टी हलू शकते. परत बसवताना खाच पट्टीवर नीट बसली नाही तर एक इंचाचा जुडगा तीन इंचांचा होतो आणि माणूस स्कोपला दोष देत बसतो. रायफल उभी धरा, दस्त्याचा बूड जमिनीवर, नळी वर. बूड हलकेच आपटा म्हणजे रिसीव्हर मागे सरकून पट्टीला टेकतो. मग पुढचा स्क्रू आधी, मागचा नंतर, टॉर्क रेंचने, माहितीपुस्तिकेत दिलेल्या मापाला.

मॅगझिन एका ओळीचं, तीन काडतुसांचं. काडतूस सरळ मधून चढतं, म्हणून भरताना अडकत नाही. पण ते प्लास्टिकचं असूनही जादा मॅगझिनची किंमत खिशाला लागते.

दस्त्याची लांबीही बघा. उंची सव्वापाच फुटांच्या आसपास असेल तर साधा लाइट लांब पडतो, त्यात थंडीचं जाड जाकीट घातलं की आणखी. अशांनी आखूड दस्त्याची टी३एक्स कॉम्पॅक्ट खांद्याला लावून बघावी. दुकानात जाकीट घालूनच जा, डोळे मिटून रायफल खांद्याला आणा, मग डोळे उघडा. स्कोपचं पूर्ण वर्तुळ दिसलं तर माप बरोबर. मान पुढे-मागे करावी लागली तर नाही.

पर्याय म्हणून दोन रायफली गंभीरपणे बघण्यासारख्या आहेत. रूगर अमेरिकन २०११ च्या अखेरीस जाहीर झाली. टिक्कापेक्षा बरीच स्वस्त, बोल्ट ७० अंशांचाच, आणि खटका मानेवर अंगठ्याखाली. तो बंद असतानाही बोल्ट उघडतो, इथे तिने टिक्कावर मात केली आहे. नेमही उत्तम. पण बोल्ट खरखरीत आणि पहिल्या पिढीचा दस्ता फारच लवचिक. दुसऱ्या पिढीत दस्ता सुधारलाय. बजेट घट्ट असेल तर निःशंक घ्या आणि वाचलेले पैसे काडतुसांत घाला.

विंचेस्टर मॉडेल ७० ची गोष्ट वेगळी. १९३६ मध्ये सुरू झालेल्या या रायफलीत जुन्या जर्मन माउजर रायफलीसारखा मोठा पंजा असतो. मॅगझिनमधून निघता निघताच तो काडतुसाची कड पकडतो आणि नळीत जाईपर्यंत सोडत नाही. रायफल आडवी असो, उलटी असो, बोल्ट अर्ध्यात मागे ओढला तरी दुसरं काडतूस पहिल्यावर चढून अडकत नाही. १९६४ मध्ये खर्च वाचवायला कंपनीने हा पंजा काढला आणि गिऱ्हाईक इतकं नाराज झालं की आजही जुन्या बाजारात १९६४ च्या आधीची म्हटली की किंमत चढते. १९९२ मध्ये पंजा परत आला, २००६ मध्ये न्यू हेवनचा कारखाना बंद पडला, २००८ पासून एफएन या बेल्जियन कंपनीने उत्पादन पुन्हा सुरू केलं. तिचा तीन टप्प्यांचा खटका आमच्या मते या सगळ्यांत सरस: मधल्या टप्प्यात पिन बंद आणि बोल्ट मोकळा. अलास्कात अस्वलाच्या मुलखात जायचं असेल तर हीच घ्या. पेनसिल्वेनियात हरणासाठी मात्र तिचं जादा वजन आणि जादा किंमत वसूल होत नाही.

जुनी रेमिंग्टन ७०० स्वस्तात मिळत असेल तर चाप कोणता ते विचारा. १ मे २००६ ते ९ एप्रिल २०१४ या काळातल्या एक्स-मार्क प्रो चापाच्या रायफली कंपनीने २०१४ मध्ये परत बोलावल्या होत्या. दुरुस्ती झाल्याची खात्री नसेल तर हात लावू नका.

काडतूस .३०८ च का? ते कुठल्याही दुकानात मिळतं, हरणाला पुरून उरतं आणि २.९ किलोच्या रायफलीत धक्का सोसवतो. नवख्याने ६.५ क्रीडमूर घेतली तरी चालेल, तिचा धक्का आणखी कमी. हलक्या लाइटमध्ये .३०० विंचेस्टर मॅग्नम मात्र घेऊ नका. खांदा दुखला की माणूस बार उडण्याआधीच अंग चोरतो आणि नेम हुकतो.

नेम बसवताना थेट १०० यार्डावर जाऊ नका. आधी २५ यार्डावर तीन गोळ्या. एका टिचकीला पाव एमओए सरकणाऱ्या स्कोपला १०० यार्डावर दोन इंच सरकवायला ८ टिचक्या लागतात, २५ यार्डावर त्याच दोन इंचांना ३२. इथेच निम्मे लोक चुकतात. मग १०० यार्डावर १५० ग्रेन (गोळीच्या वजनाचं माप) वजनाच्या गोळीचा जुडगा दोन इंच वर ठेवा. २०० यार्डावर ती जवळपास नेमावरच लागते आणि ३०० वर आठेक इंच खाली. लाइटची नळी बारीक आहे, तीन-चार गोळ्यांत तापते आणि जुडगा पसरायला लागतो. तीन गोळ्या झाल्या की बोल्ट उघडा ठेवून दहा मिनिटं थांबा. शेवटी दुसऱ्या दिवशी थंड नळीतून एकच गोळी मारून बघा, कारण हरणावर तीच मारायची असते.

स्कोप धरणाऱ्या रिंगांचे स्क्रू १५ ते १८ इंच-पाउंडांवर आवळा, त्याहून जास्त नाही, स्कोपची नळी चेपते. कडाक्याच्या थंडीत बोल्टमधलं तेल घट्ट होतं, पिन मंद पडते आणि बार फुसका जातो. म्हणून मोसमाआधी बोल्ट उघडून आतलं तेल पूर्ण पुसून काढा. बाहेरून घरात आणलेल्या गार रायफलीवर पाणी धरतं. लगेच पेटीत बंद करू नका. बोल्ट काढून कोरड्या जागी तासभर ठेवा, पुसा, नळीतून कोरडा कपडा फिरवा आणि मग पेटीत ठेवा. स्टेनलेसच्या मॉडेललाही हे चुकत नाही, कारण तिच्या चापातले आणि स्कोपच्या रिंगांचे स्क्रू गंजतातच.